इतिहासाच्या न्यायासनावर कोण बसतो?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचे एक जुने स्नेही चार दिवस आमच्या घरी राहावयास आले होते. इतिहास शिकविण्यात त्यांची सारी हयात गेली. निवृत्तीनंतरही सकाळी दोन तास टिपणे काढल्यावाचून त्यांना चहा गोड लागत नाही. अशा गृहस्थांसमोर आमच्या चिरंजिवांनी एके संध्याकाळी एक जुना इंग्रजी विनोदी कार्यक्रम लावला. 'टाइम ट्रंपेट' हे त्याचे नाव. आपल्या भाषेत त्यास 'काळाची तुतारी' म्हणावयास हरकत नाही. मात्र तुतारी म्हणताच मराठी वाचकास केशवसुतांचे जे स्मरण होते, त्या आवेशाचा येथे लवलेशही नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. बी.बी.सी.च्या दुसऱ्या वाहिनीवर २००६ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरात त्याचे सहा भाग दाखविले गेले. घरातील मंडळी हसून बेजार झाली. आमचे स्नेही मात्र उत्तरोत्तर गंभीर होत गेले, आणि दुसरा भाग संपताच चष्मा काढून म्हणाले, "इतिहासाची अशी विटंबना मी जन्मात पाहिली नाही. गिबन आणि मेकॉले ज्या देशाने दिले, त्या देशास हे सुचावे!"

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर जो वाद सुरू झाला तो मध्यरात्र उलटली तरी मिटला नाही. स्नेही सकाळच्या गाडीने गेले. वाद मात्र येथेच राहिला. त्यांचे आक्षेप आमच्या सुशिक्षित समाजातील पुष्कळांच्या मनात असतात. ते सभ्य, सद्हेतूचे आणि वरवर पाहता सयुक्तिकही आहेत. आणि म्हणूनच ते अधिक घातक आहेत असे आमचे मत झाल्यामुळे, त्यांचा येथे जाहीर परामर्श घेण्याचे योजिले आहे.

ज्यांनी तो कार्यक्रम पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप प्रथम सांगतो. काळ २०३१ सालचा. निवेदक गेल्या तीस वर्षांचा आढावा घेत आहे. म्हणजे २००६ च्या प्रेक्षकाचा जो चालू काळ, तो येथे जुना होऊन बसला आहे, आणि त्यापुढे जे घडावयाचे तेही घडून गेले आहे. निवेदक आर्मांडो यानुची हेच कार्यक्रमाचे कर्ते. १९६३ साली ग्लासगो येथे जन्मलेला हा इटालियन वंशाचा स्कॉटिश मनुष्य ऑक्सफर्डला मिल्टनवर प्रबंध लिहावयास बसला होता. तो अर्धाच टाकून विनोदाकडे वळला. मिल्टनचे त्यामुळे काही बिघडले नाही, आणि विनोदाचा लाभ झाला. दूरचित्रवाणीवरील बातम्यांच्या पोकळ गांभीर्याचे विडंबन (१९९४), मंत्र्यांच्या कचेऱ्यांतील धांदलीचे चित्र (२००५ पासून), स्टालिनच्या मृत्यूनंतरच्या सत्तास्पर्धेवरील चित्रपट (२०१७) अशी त्यांची पुढची-मागची कामगिरी आहे. 'काळाची तुतारी' ही त्यांतील त्या मानाने विसरली गेलेली कृती होय.

ह्या कार्यक्रमात खरी जुनी चित्रफीत येते, पण तिची कापाकापी अशी की पुढारी जे कधी करणार नाहीत ते करताना दिसतात. त्या काळी ऐन तारुण्यात असलेला फुटबॉलपटू डेव्हिड बेकम, गायिका शार्लट चर्च इत्यादी लखलखीत मंडळी येथे वृद्ध नटनटींच्या रूपाने खुर्चीवर बसून आपल्या गतवैभवाच्या आठवणी काढतात. टेस्को ही किराणा मालाची बलाढ्य कंपनी चक्क डेन्मार्कवर स्वारी करते. आणि ह्या सर्वांवर भाष्य करावयास जाणत्यांचे एक मंडळ हजर असते. त्यांना सर्व काही आठवते. फक्त कोणते महत्त्वाचे आणि कोणते क्षुल्लक एवढेच आठवत नाही. युद्ध, दिवाळखोरी, एखाद्या नटीची केशरचना, सर्वांवर ते त्याच खेळीमेळीच्या स्वरात बोलतात.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. बी.बी.सी.नेच २००० साली सत्तरीच्या दशकाच्या गोड आठवणींची एक मालिका काढली होती. ती लोकांस आवडली म्हणून २००१ च्या आरंभी ऐंशीचे दशक घेतले, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात नव्वदीचे. म्हणजे ज्या दशकाचे बारावे घालून दोन वर्षेही उलटली नव्हती, त्याच्या आठवणींनी लोक उसासे टाकू लागले! ह्या गतीने चालल्यास कालच्या दिवसाविषयी आज हळहळ वाटावयास लागेल, आणि पुढे उद्याविषयीही. हे यानुचींनी ओळखले व त्या वेडाला त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेऊन सोडले.

आता आक्षेपांकडे वळू. आमच्या स्नेह्यांचा पहिला आक्षेप असा, की खऱ्या चित्रांची मोडतोड करून खोटे दाखविणे हा सत्याचा द्रोह आहे, मग तो हसविण्यासाठी का असेना. ह्यावर आमचे उत्तर आपल्याच गावांतून मिळण्याजोगे आहे. बहुरूपी फौजदाराचा वेष घेऊन दारात उभा राहतो, घरधन्यास दरडावतो, खोट्या वॉरंटाची भीती घालतो. घरची मंडळी हसतात आणि त्यास पसाभर धान्य घालतात. त्या गावात कोणी फसत नाही, कारण सोंग हे सोंग म्हणूनच आलेले असते. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव सांगत जो तोतया निघाला, तो मात्र सोंग म्हणून आला नव्हता. १७७६ साली त्याचा शेवट होईपर्यंत त्याने राज्यात केवढी धामधूम उडविली हे आमच्या इतिहासज्ञ स्नेह्यांस आम्ही सांगावयास नको. बहुरूपी आणि तोतया ह्यांचे भांडवल एकच, पण एकाच्या अंगी प्रामाणिकपणा आहे व दुसऱ्याच्या अंगी नाही.

आता त्याच इंग्लंडात त्याच वर्षांत तोतयेगिरी कोणी केली ते पाहा. २००२ च्या सप्टेंबरात ब्रिटिश सरकारने एक पुस्तिका प्रसिद्ध केली. इराकपाशी संहारक अस्त्रे आहेत आणि त्यांपैकी काही पंचेचाळीस मिनिटांत सज्ज होऊ शकतात, असे तीत होते. पुस्तिकेवर सरकारचा शिक्का होता, पंतप्रधानांची प्रस्तावना होती, आणि तीत हसण्याजोगे काही नव्हते. पुढील मार्चमध्ये इराकवर सैन्य गेले. अस्त्रांचे साठे सापडले नाहीत, कारण ते नव्हतेच. शोध करणाऱ्या पथकाने २००४ साली तसा अहवालही दिला. सत्याचा द्रोह म्हणून ज्यांचे पित्त खवळते त्यांनी प्रथम कोणत्या दारावर काठी आपटावी? आजच्या काळात यंत्राच्या साहाय्याने कोणाच्याही तोंडी कोणतेही शब्द घालून त्याची हुबेहूब चित्रफीत घरबसल्या तयार करता येते. तेव्हा बहुरूपी कोण आणि तोतया कोण हे ओळखण्याची नजर प्रत्येक घरात असणे अवश्य झाले आहे. ती नजर तयार करण्यास असले विडंबन उपकारकच ठरेल, अपायकारक नव्हे.

दुसरा आक्षेप असा, की ज्यात माणसे मरतात त्या गोष्टीची थट्टा करणे हे हृदयशून्यतेचे लक्षण आहे. ह्या आक्षेपास एक प्रत्यक्ष आधारही आहे. १० ऑगस्ट २००६ रोजी, अटलांटिक ओलांडणारी विमाने स्फोटकांनी उडविण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला, आणि दहशतवादावर पारितोषिक-समारंभाचे विडंबन असलेला ह्या मालिकेचा भाग बी.बी.सी.ने लांबणीवर टाकला. त्यात बी.बी.सी.चे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. सुतकात हसू नये, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु सुतक दहा दिवसांचे असते. ज्यांना ते अखंड चालू राहावयास हवे असते, आणि 'आता ही वेळ विचारण्याची नव्हे' असे जे प्रत्येक वेळी सांगतात, त्यांचा मृतांपेक्षा स्वतःच्या खुर्चीशी अधिक संबंध असतो असा अनुभव आहे. शिवाय त्या विडंबनाचा रोख मेलेल्यांवर नाहीच. मरण असो की गायन, त्यातून चषक, प्रकाशझोत व टाळ्यांचा सोहळा उभा केल्यावाचून ज्या माध्यमास राहवत नाही, त्या माध्यमावर तो आहे. हृदयशून्यता कोठे असेल तर ती तेथे आहे.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर विचारार्ह आहे, आणि वादात आमच्या स्नेह्यांनी आम्हांस अडविले ते येथेच. ते म्हणाले, "तुम्ही इंग्रजी वाङ्मय शिकविता. भविष्यात उभे राहून वर्तमानाकडे पाहणाऱ्या ग्रंथांची मोठी परंपरा आहे की नाही? त्या ग्रंथकारांनी भविष्य उभे केले ते समाजास काही दाखविण्यासाठी. ह्या तुमच्या विदूषकाच्या भविष्यात काय आहे? आजच्याइतकीच क्षुद्र माणसे! मग एवढा प्रवास केला कशाला?"

परंपरा आहे, ह्यात संशय नाही. मर्सिए नावाच्या फ्रेंच लेखकाने १७७१ साली आपल्या निवेदकास झोपी घातले व २४४० साली जागे केले; जागा होऊन पाहतो तो पॅरिस न्यायी, स्वच्छ व शहाणे झालेले. अमेरिकेत बेलामीने १८८८ साली तीच युक्ती योजिली. त्याचा नायक १८८७ मध्ये झोपतो आणि २००० साली समतेच्या राज्यात उठतो, व आपल्या जुन्या काळाकडे लाजेने पाहतो. ह्या ग्रंथांत भविष्य म्हणजे एक शहाणा वडीलधारा मनुष्य. तो वर्तमानाचा कान धरतो. पुढे १९५८ साली मायकेल यंग ह्या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने ह्या वडीलधाऱ्याविषयी पहिली मोठी शंका काढली. त्याचा निवेदक २०३४ च्या सुमारास बसून गुणवत्ताशाहीच्या उदयाचा इतिहास मोठ्या समाधानाने लिहितो. त्याला स्वतःला कळत नाही, पण वाचकास कळते, की हा न्यायाधीशच आंधळा आहे. यंगने निंदेसाठी रूढ केलेला तो शब्द लोकांनी स्तुतीसाठी उचलला, आणि २००१ साली, आयुष्याच्या अखेरीस, वृत्तपत्रात लेख लिहून पंतप्रधान ब्लेअर ह्यांनी तरी तो तसा वापरू नये अशी इच्छा त्यास व्यक्त करावी लागली! ह्याच वाटेवर यानुची एक पाऊल पुढे गेले आहेत. त्यांच्या भविष्यात शहाणा वडीलधारा नाही आणि आंधळा विद्वानही नाही. तेथे तुम्हीआम्हीच आहोत, फक्त पंचवीस वर्षांनी अधिक म्हातारे आणि तितक्याच प्रमाणात अधिक विसरभोळे.

आपल्या पुराणांत कलियुगातील राजांच्या वंशावळी आहेत. होऊन गेलेल्या राजांविषयी तेथे 'अमका राजा होईल, तो इतकी वर्षे राज्य करील' अशी भविष्यकाळाची भाषा येते. गतकाळास भविष्याचा पेहराव घातला की त्यास विधिलिखिताचे वजन येते, आणि मग कोणी कोणास जाब विचारीत नाही. जे व्हावयाचे होते तेच झाले! यानुचींनी नेमके उलट केले. त्यांनी भविष्यास भूतकाळाची क्रियापदे लाविली, आणि विधिलिखिताचे ते सारे वजन उतरविले. 'आमच्या काळाचा निर्णय पुढे होईल' असे जे म्हणतात, त्यांना त्यांनी ते 'पुढे' आणून दाखविले. म्हणून आमचे म्हणणे असे, की ह्या भविष्यातील क्षुद्रता हा कार्यक्रमाचा दोष नसून तोच त्याचा मुद्दा आहे, आणि तो मुद्दा आमच्या काळात सांगणे अगत्याचे होते.

कसे ते सांगतो. १७ जुलै २००३ रोजी ब्लेअर अमेरिकन काँग्रेससमोर बोलले. अस्त्रांविषयीचा आपला समज चुकीचा ठरला तरी एक अमानुष राजवट नष्ट झाली, आणि एवढी चूक इतिहास क्षमा करील असा आपणास भरवसा वाटतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभागृहाने टाळ्या वाजविल्या. वाचकहो, ह्या युक्तिवादाची रचना नीट पाहा. त्याच वर्षीच्या १५ फेब्रुवारीस लंडनच्या रस्त्यांवर लाखो लोक ह्या युद्धाविरुद्ध चालत गेले होते. ते लोक हयात होते, प्रश्न विचारीत होते. त्यांच्यासमोर उत्तर देण्याऐवजी पंतप्रधानांनी खटला दुसऱ्या न्यायालयात वर्ग करून घेतला. त्या न्यायालयाचा पत्ता नाही, तारीख नाही, तेथे साक्षीदारास समन्स जात नाही, आणि निकाल लागेल तेव्हा आरोपी पृथ्वीवर नसतो. त्यांचे मित्र अध्यक्ष बुश त्या मानाने सरळ मनाचे म्हणावयाचे. इतिहास काय म्हणेल असे बॉब वुडवर्ड ह्या पत्रकाराने विचारता त्यांनी सांगितले, की ते कळावयाचे नाही. तोवर आपण सर्व मेलेले असू.

असल्या पळवाटेस युक्तिवादाने उत्तर देणे कठीण असते. 'इतिहास' ह्या शब्दाचा उच्चार होताच ऐकणाराच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या दाढीचा, हातात तराजू घेतलेला, निःपक्षपाती असा कोणी महापुरुष उभा राहतो, आणि माणूस गप्प बसतो. 'काळाची तुतारी' त्या महापुरुषाची दाढी ओढून पाहते. ती हातात येते. तेथे तराजू नाही. तेथे खुर्चीवर चार गप्पिष्ट माणसे बसलेली आहेत. कोणत्या साली काय झाले ह्यात त्यांचा घोटाळा होतो, त्यांना रणांगणापेक्षा रणांगणावर वाजलेले गाणे अधिक आठवते, आणि पुढचा विषय निघताच ती मागचा विसरतात. हेच ते न्यायासन! ह्यांच्या क्षमेच्या भरवशावर तुम्ही हजारो माणसांच्या जिवाचा निर्णय घेतलात काय? हा प्रश्न शंभर अग्रलेखांनी जितका टोचला नसता तितका ह्या हसण्याने टोचला, असे आम्हांस वाटते.

येथे आमचे स्नेही म्हणाले होते, "परंतु इतिहासाने निर्णय दिलाच की! चिलकॉट समितीचा अहवाल विसरलात?" विसरलो नाही. २००९ साली नेमलेल्या त्या समितीचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी बाहेर आला. बारा खंड, सुमारे सव्वीस लाख शब्द. शांततेचे मार्ग संपण्यापूर्वीच युद्ध आरंभिले गेले, आणि अस्त्रांविषयीची माहिती जितक्या निश्चयाने सांगितली गेली तितका निश्चय त्या माहितीत नव्हता, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आम्ही त्या श्रमांपुढे नम्र आहोत. पण पुढे काय झाले? चार दिवस मथळे झळकले. २०२१ च्या शेवटच्या दिवशी ब्लेअर ह्यांना गार्टरचा सन्मान मिळाल्याचे जाहीर झाले. त्याविरुद्ध दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या, आणि सन्मान कायम राहिला. इतिहासाच्या सव्वीस लाख शब्दांनी एका निळ्या पट्ट्याचा धागाही उसवला नाही. मग २००६ च्या त्या विदूषकाने अतिशयोक्ती केली ती कोणती?

ह्यावर कोणी असे म्हणेल, की मोठ्या माणसांनी भावी काळाकडे दाद मागणे ही काही नवी गोष्ट नाही, आणि ती सर्वत्र पळवाटच असते असेही नाही. मान्य. मात्र दाद कोण मागतो आणि कोठे उभा राहून मागतो, हे पाहिले पाहिजे. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात ज्यूरीने बहुमताने दोषी ठरविल्यावर लोकमान्यांनी ह्या न्यायालयाहून श्रेष्ठ अशा शक्तीचा हवाला दिला. त्यांचे ते शब्द आज त्या दालनाबाहेर कोरलेले आहेत. ते शब्द उच्चारणारा मनुष्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता आणि त्याच रात्री त्यास सहा वर्षांच्या शिक्षेवर नेण्यात आले. १९५३ साली फिडेल कॅस्ट्रोने इतिहास आपणास निर्दोष ठरवील असे न्यायालयात सांगितले, तेव्हा त्याच्यापुढे पंधरा वर्षांचा तुरुंग होता. पुढे तोच सत्तेवर बसला व त्याने आपल्या विरोधकांस तुरुंगात घातले. इतिहासाची वाट पाहण्याचे काम तेव्हापासून त्यांच्याकडे गेले. ज्याने वर्तमानाची शिक्षा अंगावर घेतली त्यानेच भविष्याकडे अपील करावे. जो वर्तमानातून निसटण्यासाठी अपील करतो, त्याचा अर्ज दाखल करून घेऊ नये. हा साधा नियम आमच्या सुशिक्षितांनी पाळला तर 'इतिहास ठरवील' ह्या वाक्याचा उपयोग देशोदेशी निम्म्याहून कमी होईल.

कार्यक्रम निर्दोष आहे असा आमचा दावा नाही. त्यात काही ठिकाणी किळस आणणारे प्रकार आहेत. ते गाळले असते तर काही बिघडले नसते. त्याहून मोठे वैगुण्य असे, की आम्ही पाहिलेल्या भागांत आठवणी काढावयास बसलेली मंडळी ब्रिटनची आहेत. ज्या बगदादेत ते युद्ध झाले, तेथील एखादी वृद्ध स्त्री २०३१ साली काय सांगेल? तिचे स्मरण खुर्चीवरील मंडळींइतके कच्चे खासच नसणार. जे मारतात ते विसरतात. ज्यांचे मेलेले असते त्यांना दिवस, वार आणि घटका आठवते. तिला बोलावले असते तर हसणे थांबले असते, आणि कदाचित थांबावयासही हवे होते. आणखी एक धोका ह्या सर्वच विनोदात असतो: प्रेक्षक हसतो, आपण त्या ढोंगी मंडळींहून वेगळे अशी स्वतःची समजूत घालतो, आणि आपले कर्तव्य झाले म्हणून दिवा मालवून झोपतो.

हे शेवटचे वाक्य लिहिले आणि पुढे लिहिणे कठीण झाले. आतापर्यंत मासिकांच्या रीतीस अनुसरून 'आम्ही' असे लिहीत आलो. पुढचे 'मी' म्हणूनच लिहिले पाहिजे. अनेकवचनाआड लपण्याची सोय त्यास नाही.

अठरा वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात होतो तेथे एक तरुण प्राध्यापक हंगामी नेमणुकीवर शिकवीत असे. एका विद्यार्थ्याचे अंतर्गत गुण मागाहून वाढविल्याचे त्याच्या ध्यानात आले. विद्यार्थी चालकांपैकी एकाच्या नात्यातला होता. त्याने लेखी तक्रार केली. पुढील जूनमध्ये त्याची नेमणूक पुन्हा झाली नाही. मूळची गुणपत्रिका दोघांनी पाहिली होती. एक तो, आणि दुसरा मी. तो शेवटचा निरोप घेण्यासाठी आमच्या खोलीत आला तेव्हा मी चहाचा पेला त्याच्यापुढे सारून म्हणालो, "काळ सर्वांचा न्याय करतो. आज ना उद्या ह्याची नोंद होईलच." तो काही बोलला नाही. चहा संपवून त्याने पेला स्वतः विसळून ठेवला आणि तो गेला.

काही वर्षांनी त्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव झाला. स्मरणिकेत 'पन्नास वर्षांची वाटचाल' हे प्रकरण लिहिण्याचे काम, इंग्रजी शिकवीत असूनही मराठी बरे लिहितो म्हणून, माझ्याकडे आले. मी चाळीस पाने लिहिली. कोणत्या दात्याने कोणती इमारत दिली, कबड्डीचा चषक कोणत्या वर्षी आला, ग्रंथालयाचे छप्पर दोनदा कसे गळले, सर्व आले. ती तक्रार आली नाही. ती गाळावी असे मला कोणी सांगितले नव्हते. सांगण्याची कोणास गरजच वाटली नसावी. ज्या इतिहासाच्या नोंदीचा हवाला मी त्या मुलास दिला होता, तो इतिहास लिहावयास मीच बसलो होतो, आणि ते पान मीच कोरे सोडले. त्या दिवाळीच्या रात्री पडद्यावरील म्हातारी भाष्यकार मंडळी हसतहसत एकेक गोष्ट विसरत होती, तेव्हा माझे हसू मध्येच थांबले त्याचे कारण आमच्या स्नेह्यांस मी सांगितले नव्हते. ते येथे सांगतो.

तेव्हा माझ्या स्नेह्यांस माझे एवढेच म्हणणे आहे, की इतिहासाची विटंबना त्या विदूषकाने केली नाही. ती रोज तुमच्यामाझ्यासारखी शहाणी माणसे करतात; जे आज सह्या करून, साक्ष देऊन, प्रसंगी नोकरी पणास लावून करावयाचे असते ते, इतिहासाच्या नावावर उधार टाकतात. त्या खात्याचे कोणी दिवाण नाहीत. वसुलीस कोणी येत नाही.

मी त्या गृहस्थांचा पत्ता मिळवून महिन्यापूर्वी त्यांना पत्र लिहिले आहे. मूळ गुणपत्रिकेत मी काय पाहिले ते त्यात तारखेसह लिहून खाली सही केली आहे, आणि त्याची एक प्रत संस्थेकडेही पाठविली आहे. अठरा वर्षांनी दिलेल्या साक्षीचे मोल काय ते मी जाणतो. उत्तर अद्याप आलेले नाही. यावे असा आग्रह धरण्याचा मला हक्कही नाही. २०३१ साल आता हाकेच्या अंतरावर येऊन ठेपले आहे, आणि तेव्हा खुर्चीवर बसून आठवणी सांगणाऱ्यांत कदाचित मीही असेन. त्या वेळी ही गोष्ट मला आठवत नाही असे म्हणण्याची सोय राहू नये, म्हणून ती येथे छापून ठेवीत आहे.